आत की बाहेर? हातात मावणाऱ्या संगणकाच्या जोडणीचा इतिहास

‘पॉकेट पीसी २००२’ ही मायक्रोसॉफ्टची प्रणाली ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली. तळहातावर मावणाऱ्या आणि बारीक काडीने पडद्यावर टोचून चालवायच्या संगणकांसाठी ती होती. तिच्यात जोडण्यांसाठी एक स्वतंत्र पान होते व त्यावर मालकाने तीन गोष्टी ठरवून द्यायच्या असत. इंटरनेटवर जायची वेळ आली तर कोणती जोडणी वापरायची? कामाच्या ठिकाणच्या जाळ्यात जायचे असेल तर कोणती? तिसरा प्रश्न जरा चमत्कारिक होता. यंत्राला नेटवर्क कार्ड बसवले असेल, तर त्या कार्डाचे दुसरे टोक इंटरनेटवर आहे की कचेरीत?

संगणकाने आपल्याच मालकाला ‘मी आत्ता कोठे आहे?’ असे विचारावे, हे गमतीचे वाटेल. पण हा प्रश्न वेडगळ नव्हता. तो का पडला, त्याचे उत्तर कोणी द्यायचे आणि पुढे ते उत्तर देण्याचा अधिकार कोणाकोणाच्या हाती गेला, याचा मागोवा घेतला तर गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील जाळ्यांचा इतिहास बराचसा उलगडतो.

प्रथम, दोन जाळी आली कोठून ते पाहू. इंटरनेट मुळात एकच होते. त्याला आतबाहेर नव्हते. विद्यापीठांतील आणि प्रयोगशाळांतील संगणक एकमेकांवर शेजाऱ्यासारखा विश्वास ठेवीत. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या एका प्रोग्रॅमने हा विश्वास मोडला. स्वतःच्या प्रती करीत तो हजारो संगणकांत पसरला आणि ते ठप्प झाले. त्यानंतर मोठ्या संस्था आपल्या जाळ्याभोवती भिंत उभारू लागल्या. या भिंतीला फायरवॉल म्हणतात. आतल्या संगणकांनी बाहेर जायचे ते एका ठरावीक दारातून आणि बाहेरच्याने आत यायचे तेही चौकशी होऊनच. बेल प्रयोगशाळेतील विल्यम चेसविक यांनी १९९० मध्ये अशा रचनेवर एक निबंध लिहिला आणि तिचा दोषही त्यातच सांगून ठेवला. कवच टणक, पण गाभा मऊ! आपण फणसासारखी म्हणू. काटे ओलांडून एकदा आत शिरले की पुढे अडवणारे काही नाही.

भिंतीला आणखी एक कारण मिळाले ते पत्त्यांच्या टंचाईचे. इंटरनेटवरचा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते दोनाचा ३२ वा घात, ४,२९,४९,६७,२९६. ते पुरणार नाहीत हे १९९० नंतर लगेचच दिसू लागले. तेव्हा असा तोडगा निघाला की काही पत्ते कोणीही आपापल्या भिंतीच्या आत खुशाल वापरावेत. बाहेर मात्र ते चालणार नाहीत. फेब्रुवारी १९९६ मध्ये असे तीन गट नक्की झाले. १० ने सुरू होणारे सर्व, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. तिन्ही मिळून १,७८,९१,३२८ पत्ते.

शिक्षकांना हे समजावायला दूर जायला नको. ‘सातवी अ’ हा पत्ता प्रत्येक शाळेत असतो. शाळेच्या आत तो पुरेसा आहे. शिपाई निरोप बिनचूक पोहोचवतो. पण पाकिटावर फक्त ‘सातवी अ’ लिहून ते टपालपेटीत टाकले तर पोस्टमनने काय करावे? १९२.१६८.१.५ हा पत्ता तसाच आहे. तो लाखो ठिकाणी एकाच वेळी अस्तित्वात असतो आणि त्यावरून कोठे आहोत हे मुळीच कळत नाही.

टेबलावरच्या संगणकाला यामुळे काही अडत नव्हते, कारण तो हलत नाही. कचेरीतला तंत्रज्ञ एकदा येऊन त्याची बैठक बसवून गेला की काम भागले. हातात मावणारे सुरुवातीचे संगणकही या बाबतीत निर्धास्त होते. ॲपलचा ‘न्यूटन’ १९९३ मध्ये आला आणि ‘पाम पायलट’ मालिकेतील पहिली यंत्रे १९९६ मध्ये. पायलटची खुबी अशी की त्याला टेबलावरच्या क्रेडलमध्ये बसवून एक बटण दाबले की त्यातली टिपणे, पत्ते आणि भेटींच्या वेळा मोठ्या संगणकाशी जुळवून घेतल्या जात. जाळ्याशी त्याचा थेट संबंध नव्हता. तो मोठ्या भावाचे बोट धरून होता. १९९७ च्या ‘पामपायलट प्रोफेशनल’मध्ये इंटरनेटची भाषा बोलण्याची सोय आली आणि हे बोट सुटले.

बोट सुटलेल्या यंत्राला टेलिफोनच्या तारेवरून जाळे गाठायचे होते. त्या काळची ही जोडणी कशी होत असे ते जरा सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण आज ती सगळी नजरेआड गेली आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या मार्फत. त्या वेळी खात्यांचे दोन प्रकार होते. स्वस्त खात्यात आपला संगणक हा केवळ दूरचा पडदा असे. खरे काम निगमाच्या संगणकावर चाले आणि आपल्याला दिसत ती निव्वळ अक्षरे. महाग खात्यात मात्र आपला संगणक स्वतः इंटरनेटचा सदस्य होई व त्याला तेवढ्या वेळेपुरता पत्ता मिळे. या दुसऱ्या प्रकारामागे पीपीपी नावाचा करार होता. त्याचे प्रमाण रूप १९९४ मध्ये ठरले. मोडेमच्या शिट्ट्या थांबल्या की दोन टोकांचे संगणक आधी तारेवर कसे बोलायचे ते ठरवतात; मग नाव आणि सांकेतिक शब्द तपासला जातो; मग पलीकडचा म्हणतो, तुझा पत्ता अमुक, आणि नावांवरून पत्ते शोधून देणारा सर्व्हर अमुक ठिकाणी आहे. ही वाटाघाट काही सेकंदांत होई, पण ती सुरू होण्यासाठी मालकाला बरेच भरावे लागे.

पॉकेट पीसीत तर नंबर फिरवण्याची रीतसुद्धा शिकवावी लागे. त्यासाठी तीन अक्षरे होती. ‘ई’ म्हणजे देशाचा क्रमांक, ‘एफ’ म्हणजे गावाचा क्रमांक आणि ‘जी’ म्हणजे प्रत्यक्ष नंबर. गावातल्या गावात फोन करायचा असेल तर नुसते ‘जी’. परगावी करायचा तर कारखान्यातून येताना त्यात लिहिलेले असे ‘१ एफ जी’, आणि परदेशी करायचा तर ‘०११ ई एफ जी’. हे अमेरिकेतले रिवाज. गावाचा क्रमांकही आधीच भरलेला असे, ४२५. हा रेडमंड परिसराचा, जेथे मायक्रोसॉफ्टचे मुख्यालय आहे! म्हणजे पेटीतून बाहेर काढलेले यंत्र स्वतःला रेडमंडचे रहिवासी समजत असे. पुण्यात किंवा नाशकात त्याला शहाणे करायचे तर १ च्या जागी ० आणि ०११ च्या जागी ०० लिहावे लागे. कचेरीतल्या फोनवरून बाहेरची लाईन मिळवायला आधी शून्य दाबून क्षणभर थांबायचे असेल, तर शून्यानंतर स्वल्पविराम द्यायचा. स्वल्पविराम म्हणजे थांबणे. विरामचिन्हांचा इतका शब्दशः अर्थ घेणारे यंत्र भाषेच्या शिक्षकांना आवडायला हरकत नाही.

फोनची तार नसेल तर मोबाईल फोन मध्यस्थ होई. संगणक आणि फोन यांचे इन्फ्रारेडचे डोळे समोरासमोर ठेवायचे. अंतर एक मीटरच्या आत, आणि तिरपेपणा फार चालत नसे. जीएसएम फोनवरून माहिती जाई ती सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने. वर्गात गणित घालता येईल: १०० किलोबाइटचे एक छायाचित्र यायला किती वेळ? १०० गुणिले १,०२४ गुणिले ८ भागिले ९,६००, म्हणजे कमीत कमी ८५ सेकंद. तेवढा वेळ टेबलाला धक्का लागू द्यायचा नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. जोडणी झाली, पण मालकाने मागितलेले पान भिंतीच्या आतले आहे की बाहेरचे? हे यंत्राला ठाऊक असणे भाग होते, कारण दोन्हींचे रस्ते वेगळे. आतून बाहेर जाताना प्रॉक्सी नावाच्या दारवानाला विचारावे लागे. बाहेर असताना त्याला विचारायला गेले तर तो सापडतच नसे. अभियंत्यांनी यासाठी एक युक्ती काढली. तिचे मला आजही कौतुक वाटते, आणि हसूही येते. पत्त्यात टिंब आहे का ते पाहायचे! इंटरनेटवरच्या नावांत टिंबे असतात. उलट कचेरीतल्या सर्व्हरला आतली माणसे नुसते ‘पगार’ किंवा ‘भांडार’ अशा सुट्या नावाने हाक मारतात. तेव्हा टिंब नसेल तर आत, टिंब असेल तर बाहेर.

हा नियम म्हणजे ‘सातवी अ’चाच न्याय. अर्धवट पत्ता कोणी सांगितला की तो माणूस शाळेतलाच आहे असे आपण धरतो. अडचण अशी की पुष्कळ संस्थांत आतल्या सर्व्हरांनाही टिंबवाली पूर्ण नावे होती. शिवाय १९२.१६८.१.५ असा आकडी पत्ता दिला तर त्यात तीन टिंबे! तो आतलाच असून यंत्र त्याला बाहेर शोधायला निघे. म्हणून अपवादांची एक यादी जोडावी लागली. अमुक शब्दाने संपणारी नावे टिंब असूनही आतली समजावीत, असे मालकाने तीत लिहून द्यायचे. २००३ च्या ‘विंडोज मोबाईल’मध्ये पानाची मांडणी सुधारली आणि ‘माझा इंटरनेट पुरवठादार’ व ‘माझे कामाचे जाळे’ अशा अर्थाचे दोन ठळक कप्पे आले. पण टिंबाचा न्याय कायम राहिला. घरच्या वायरलेस जोडणीला चुकून ‘काम’ म्हटले की यंत्र नसलेल्या दारवानाची वाट पाहत बसे आणि मालक यंत्राला दोष देई.

बाहेर असताना आत शिरण्यासाठी तिसरा कप्पा होता, व्हीपीएनचा. पाकिटात पाकीट, अशी ही कल्पना. आतल्या पाकिटावर ‘सातवी अ’ लिहायचे, ते बंद करून बाहेरच्या पाकिटात घालायचे आणि त्यावर शाळेचा पूर्ण पत्ता लिहायचा. शाळेच्या दारात बाहेरचे पाकीट फोडून आतले पुढे पाठवले जाते. ते आतले पाकीट वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून कुलूपबंद करतात. कुलपाची मजबुती हा वेगळा विषय. पॉकेट पीसीतल्या पीपीटीपी या पद्धतीचे मायक्रोसॉफ्टने बनवलेले रूप कच्चे असल्याचे ब्रूस श्नायर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९८ मध्येच दाखवून दिले होते.

२००० नंतर मोबाईलवर जीपीआरएस आले आणि फोन नंबर फिरवण्याची गरज संपली. तरी सवय जाईना! प्रणालीला नंबर हवाच असे, म्हणून तारका, ९९ आणि चौकट असा एक खोटा नंबर लिहीत. खरी माहिती असे एपीएनमध्ये. एपीएन म्हणजे मोबाईल कंपनीच्या जाळ्यातून बाहेर पडायच्या दाराचे नाव. एका दारातून इंटरनेटवर जाता येई; दुसऱ्यातून फक्त फोनसाठी बनवलेल्या छोट्या पानांकडे, आणि त्याचा दरही पुष्कळदा वेगळा असे. मोठ्या संस्था स्वतःसाठी खास दार मागून घेत व ते थेट त्यांच्या भिंतीच्या आत उघडे. आत की बाहेर, हे आता एका शब्दावर ठरू लागले, आणि तो शब्द मोबाईल कंपनीने दिलेला होता.

कॅनडातील ब्लॅकबेरीने आणखी निराळी वाट काढली. त्यांचा एक सर्व्हर संस्थेच्या भिंतीच्या आत बसे आणि तोच ३१०१ क्रमांकाच्या दारातून बाहेर कंपनीच्या केंद्राशी जोडणी उघडून ठेवी. भिंतीच्या दृष्टीने आतला माणूस बाहेर बोलतो आहे, मग हरकत कसली? त्याच उघड्या वाटेने टपाल थेट मालकाच्या हातात पोहोचे. मालकाला काहीच भरावे लागत नसे. ब्लॅकबेरी इतकी का आवडली, याचे मोठे कारण माझ्या मते हेच.

या सर्व यंत्रांत एक गृहीत होते: यंत्र एकाचे, जाळी दोन. आपल्याकडे बेंगळुरूत याच काळात घडवलेल्या ‘सिम्प्यूटर’ने हे गृहीत उलटे केले. भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी व एन्कोर या कंपनीतील अभियंत्यांनी त्याची आखणी केली. २००१ मध्ये नमुने तयार झाले आणि २००४ मध्ये तो विक्रीस आला. ज्याला स्वतःचे यंत्र परवडत नाही अशा माणसासाठी तो होता. गावाने मिळून एक घ्यायचा आणि प्रत्येकाने आपले स्मार्ट कार्ड जवळ ठेवायचे. कार्ड सरकवले की तेवढ्यापुरते यंत्र आपले. ‘मी कोठे आहे?’ याच्याऐवजी ‘मी कोणाच्या हातात आहे?’ हा त्याचा प्रश्न होता. सिम्प्यूटर बाजारात तगला नाही. साधे मोबाईल फोन स्वस्त होत गेले आणि ज्याचे त्याचे यंत्र झाले. पण विचारलेला प्रश्न योग्यच होता, हे पुढे दिसेल.

दरम्यान भरायच्या रकान्यांचे काय झाले? ते भरणारा बदलला. आधी मोबाईल कंपन्या विशेष संदेश पाठवून एपीएन वगैरे फोनमध्ये परस्पर उतरवू लागल्या. पुढे तेही नको झाले. सिमकार्डात एक क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात (भारताचे ४०४ आणि ४०५) व पुढचे दोन किंवा तीन कंपनी. फोनमध्ये आधीच भरलेल्या तक्त्यात हे आकडे शोधले की दाराचे नाव सापडते. रेडमंडचा रहिवासी असल्याच्या भ्रमातून यंत्र बाहेर पडले.

कामाच्या जाळ्याची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. येथे रकाने भरण्याचे काम मालकाकडून गेले ते संस्थेकडे, आणि त्याबरोबर आणखीही काही गेले. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या टपाल सर्व्हरला एक नवी सोय दिली: हरवलेला फोन दुरूनच कोरा करता येई. चोरीच्या दृष्टीने ही सोय चांगली. पण पुढच्या काळात लोक स्वतःच्या पैशाने घेतलेले फोन कामाला वापरू लागले. कचेरीचे टपाल फोनवर हवे असेल तर संस्थेचे नियम मान्य करावे लागत, आणि त्यांत फोन कोरा करण्याचा हक्कही असे. नोकरी सोडताना कोणी ते बटण दाबले तर कामाच्या कागदांबरोबर मुलांची छायाचित्रेही जात. भिंतीच्या आत घेण्याची किंमत अशी की भिंतच आपल्या खिशात येऊन बसली.

यावरचा उपाय पुन्हा दोन कप्प्यांचाच निघाला. २०१४ च्या ‘अँड्रॉइड ५’ मध्ये एकाच फोनात कामाचा वेगळा विभाग करण्याची सोय आली. त्यातील ॲप आणि माहिती वेगळी राहते, आणि संस्थेचा हात स्वतःच्या फोनावर तेवढ्या विभागापुरताच पोहोचतो. पूर्वी दोन जाळी वेगळी करावी लागत. आता एकाच हातातली दोन माणसे वेगळी करावी लागतात, कर्मचारी आणि घरचा माणूस. सिम्प्यूटरचे स्मार्ट कार्ड येथे आठवावे.

भिंतीचे काय झाले तेही सांगायला हवे. २००९ च्या उत्तरार्धात गूगलच्या आतल्या जाळ्यात बाहेरच्यांनी शिरकाव केला. कंपनीने जानेवारी २०१० मध्ये ते जाहीर केले. फणस फुटला होता. त्यानंतर गूगलने आपली रचना मुळापासून बदलली आणि डिसेंबर २०१४ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. सार असे: कचेरीच्या जाळ्यात आहे म्हणून कोणालाही सवलत नाही. प्रत्येक मागणीच्या वेळी माणूस कोण आणि यंत्र कोणते हे तपासायचे, मग तो इमारतीत बसलेला असो की उपाहारगृहात. म्हणजे ‘मी आत आहे की बाहेर?’ या प्रश्नाला अर्थच ठेवला नाही. पण त्यासाठी प्रत्येक यंत्राची नोंद ठेवणे आणि त्याची प्रकृती सतत तपासणे आले. फोन किती जुना, त्यावर प्रणाली कोणती, पडद्याला कुलूप आहे का, हे सर्व संस्थेला कळत राहते. ज्या शाळांत हजेरी आणि अहवाल शिक्षकांच्या स्वतःच्या फोनवरून भरले जातात, तेथे ॲप उतरवताना कोणत्या परवानग्या मागितल्या जातात आणि वेगळा विभाग करून दिला जातो का, हे विचारण्याचा हक्क शिक्षकाला आहे. बहुतेक ठिकाणी हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण रकाने भरण्याचे काम हातून गेले तसे रकाने असतात हेच विसरायला झाले.

वर्गात करण्यासारखा एक छोटा प्रयोग सांगतो. शाळेच्या किंवा घरच्या वायफायला जोडलेल्या फोनात त्या जोडणीचा तपशील उघडा आणि पत्ता फळ्यावर लिहा. तो बहुधा १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होईल. दोन मुलांनी आपापल्या घरचे पत्ते लिहून आणले तर ते तंतोतंत सारखेही निघू शकतील. का, ते मुलांना सांगू द्या. मग वायफाय बंद करून मोबाईलच्या जाळ्यावर जा आणि फोनच्या माहितीच्या पानावर पत्ता पुन्हा पाहा. २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यापासून भारतात १२८ बिटांच्या नव्या पत्त्यांचा वापर खूप वाढला आहे, त्यामुळे पुष्कळ फोनांवर आकडे आणि रोमन अक्षरे यांची एक लांबलचक माळ दिसेल. तीत जोडबिंदू असतील, टिंब एकही नसेल. पॉकेट पीसीने हा पत्ता पाहिला असता, तर तो कचेरीतलाच आहे असे समजून दारवानाला शोधायला निघाला असता.